शुक्रवारचा समुद्र

मिरकरवाड्यात शुक्रवारी बहुतेक होड्या समुद्रात जात नाहीत. दुपारची नमाज असते, फाटलेली जाळी शिवायची असतात, इंजिनं उघडायची असतात. बंदरात होडीला होडी लागून उभी राहते, इतकी की या टोकाकडून त्या टोकाला पाय न भिजवता जाता यावं. रत्नागिरीत राहणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. माझ्या यंत्राला माहीत नव्हतं, आणि ते त्याला सांगायचं मी विसरले. माझ्या सहा वर्षांच्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक एवढीच आहे.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव मागितले तेव्हा मी म्हटलं, सहा वर्षं हा काय अनुभव झाला, निवृत्त माणसांना विचारा. ते म्हणाले, निवृत्त माणसं आपल्या चुका विसरलेली असतात. हे मला पटलं.

आधी धंदा सांगते, कारण माझ्या आईलाही तो अजून नीट सांगता येत नाही. ती शेजाऱ्यांना "रेडिओचं काहीतरी" असं सांगते आणि विषय बदलते.

मी ऐकणारी यंत्रं बनवते. आमची कंपनी लहान आहे, सात माणसं आणि दोन खोल्या. समुद्रात थोडं आत गेलं की मोबाइलची रेंज जाते. होडीवर वायरलेस सेट असतो, पण त्यावर सगळे एकदम बोलतात, आणि तो बंद पडला की संपलं. म्हणून आम्ही होडीवर एक लहानशी पेटी बसवतो. पेटीला लाल बटण असतं. ते तीन सेकंद दाबलं की पेटी होडीचं नाव, होडी कुठे आहे ती जागा आणि "मदत हवी" एवढा निरोप आकड्यांत बदलून हवेत सोडते. आमच्या खोल्या आहेत त्या बंदरावरच्या इमारतीच्या गच्चीत आमचा रिसीव्हर असतो. तो निरोप ऐकतो, समजला तर उलट पोच पाठवतो, आणि मग होडीवरच्या पेटीचा तांबडा दिवा हिरवा होतो. हिरवा म्हणजे किनाऱ्यावर कुणीतरी ऐकलं. होडीवरच्या माणसाला एवढंच हवं असतं.

पण पेटी जे सोडते ते जसंच्या तसं आमच्यापर्यंत येत नाही. तोच निरोप एकदा सरळ येतो, एकदा पाण्यावर आपटून येतो, एकदा समोरच्या कड्यावर आपटून, एकदा कुणाच्या लोखंडी डोलकाठीवर आपटून. सगळे किंचित मागेपुढे पोचतात आणि एकमेकांवर चढतात. आधीच्या अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पडतं. त्यातून होडीची बॅटरी उतरलेली असली की पेटीचा आवाज चिरकतो, तोंड फार उघडून ओरडणाऱ्या माणसासारखा. आपटून आलेले आवाज वजा करायची गणितं जुनी आहेत आणि चांगली आहेत. चिरकलेला आवाज मात्र नुसत्या वजाबाकीनं सुधारत नाही. तिथे आम्ही न्यूरल नेटवर्क वापरतो.

त्या नावाला वर्तमानपत्रांनी फार फुगवलं आहे. मेंदूबिंदू काही नसतो. हजारो लहान गुणाकार-बेरजांची ती एक गुंतवळ असते. आपल्याला आधीपासून ठाऊक असलेला मजकूर होडीवरून पाठवायचा. किनाऱ्यावर जे वेडंवाकडं पोचलं ते या नेटवर्कला द्यायचं. त्यानं काय वाचलं ते खऱ्या मजकुराशी ताडायचं आणि जितकं चुकलं तितके त्याचे आकडे जरासे हलवायचे. असं लाखो वेळा. हळूहळू ते विस्कटलेल्यातून मूळ ओळखायला लागतं. मग ठाऊक नसलेला मजकूर द्यायचा. तो वाचता आला तर शिकलं म्हणायचं.

माझ्या पदवीच्या कागदावर हे मी कॉलेजात शिकले असं लिहिलं आहे. खरं तर मी ते आठव्या वर्षीच शिकले होते.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, लांज्याकडच्या आमच्या गावात प्राथमिक शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. विहाराच्या मागच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं एक जुनं यंत्र होतं. विहिरीचं पाणी, न झालेला रस्ता, शिष्यवृत्तीचे अर्ज दाबून ठेवणारा कारकून, मुंबईला कामाला गेलेल्यांची मतदारयादीतून गळलेली नावं, असा एकही विषय नसेल ज्यावर अप्पांनी पत्रक काढलं नाही. कागद सगळ्यात स्वस्त, हवा कोकणातली. शाई पसरायची. "पाणी"मधला णी पुढच्या शब्दावर आडवा व्हायचा. अप्पा पहिली प्रत माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वाच मोठ्यानं." मी धडाधडा वाचायचे, कारण दोन दिवस अप्पा तोच मजकूर घरभर म्हणत फिरलेले असायचे. अप्पा हसायचे. "तुला पाठ आहे म्हणून वाचतेस. ही प्रत शेजारच्या काकूंना नेऊन दे. त्यांना वाचता आली तर खरी."

काकूंना वाचता आली नाही तर अप्पा नवा स्टेन्सिल कापायचे. काकूंना कधी बोल लावलेला मी ऐकला नाही. हे मला माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते.

नेटवर्कला शिकवायला समुद्रातून येणारे निरोप हवे होते. म्हणजे कुणीतरी आम्हाला होडीवर घ्यायला हवं होतं. अशी होडी दिली हसनचाचांनी. ते 'अल-बरकत'चे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे आणि होडीवरचा अखेरचा शब्द. साठीच्या पुढचे, दाढी पांढरी, आवाज लाटांवरून जाईल असा. इतर तांडेल आमची पेटी बघून "पुढच्या सीजनला बघू" म्हणाले. चाचा म्हणाले, "सुक्रवारी नमाज झाली की या. होडी रिकामीच हाय, डिझेल तेवढा घाला."

असे आठ शुक्रवार आम्ही गेलो. शुक्रवारी होडी मोकळी, चाचा मोकळे, बंदर शांत. आणखी एक कारण होतं, ते मी अहवालात लिहिलं नाही. कामाच्या दिवशी होडीवर बाई नको, असा खलाशांचा जुना समज. शुक्रवारी जाळंच टाकायचं नाही, म्हणजे प्रश्नच नाही. कॉलेजात असल्या प्रत्येक समजावर मी पत्रक काढत होते. इथे गप्प बसले. सोयीचं होतं.

नेटवर्क सुरेख शिकलं. आठ शुक्रवारांतल्या सातांवर शिकवलं, आठव्यावर परीक्षा घेतली. जवळजवळ सगळं अचूक. आमच्या कंपनीच्या प्रमुख शैलामॅडम पन्नाशीच्या आहेत, आयुष्यभर रिसीव्हरच बनवत आल्या आहेत आणि कौतुक फार जपून करतात. त्यांनी पडद्याकडे बघून "हं" केलं. त्या "हं"वर मी महिनाभर तरंगत होते.

पावसाळ्यातली बंदी उठली आणि नवा सीजन सुरू झाला तशी मच्छीमारांच्या एका सोसायटीनं आमच्या पेट्या होड्यांवर बसवल्या. उद्घाटन ठेवलं शुक्रवारी, कारण तेव्हाच सगळे हजर असतात. नारळ फुटला, पेढे वाटले, दोन होड्या बाहेर जाऊन आल्या, दिवे हिरवे झाले. चाचांनी आपला वायरलेस सेट त्याच दिवशी दुरुस्तीला टाकला. बरेच दिवस खरखरत होता. "आता तुजी पेटी हाय ना गो," म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी ते आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"पोरी, तुजी पेटी आज आयकली नाय. बटन दाबून बघितला, दिवा तांबडाच."

मी कामात होते. कामात होते म्हणजे आठव्या शुक्रवारच्या निकालाचा आलेख रंगवत होते. मी म्हटलं, "चाचा, बटण नीट दाबलंत का? तीन सेकंद पूर्ण दाबायचं. मग थांबायचं, मग परत तीन सेकंद."

"दाबला तर."

"घाईत कमी दाबलं जातं. मोजा. एक, दोन, तीन."

चाचांनी हवेत अंगठा दाबून मोजून दाखवलं, "एक, दोन, तीन. असा?"

"बरोबर."

"बरा," म्हणाले आणि गेले.

रविवारी आणखी एका होडीनं हीच तक्रार केली. त्यांनाही मी हेच सांगितलं. इतकंच नाही, "बटण तीन सेकंद दाबावे, न झाल्यास पुन्हा दाबावे" असं छापून कागद सोसायटीच्या फळ्यावर लावला. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. पत्रकातली चूक नेहमी वरच्यांची असते. अर्ज घेणाऱ्याची असते, देणाऱ्याची नसते. आता अर्ज घेणारी मीच होते, आणि माझं पहिलं पत्रक निघालं ते अर्ज देणाऱ्याला शहाणपण शिकवणारं. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मंगळवारी दुपारी जेवायला बसले होते. पश्चिमेचा वारा वाढला होता, खिडकी आपटत होती म्हणून बंद करायला उठले आणि उठल्यासरशी पडद्यावर नजर गेली. रिसीव्हरला जे समजत नाही ते तो टाकून देतो आणि टाकल्याची नुसती एक ओळ लिहून ठेवतो. त्या ओळींकडे कुणी बघत नाही. समुद्रावर इतका खडखडाट असतो की रोज शेकडो ओळी पडतात. पण त्या दिवशी काही ओळी एका लांबीच्या होत्या. आणि ठरावीक अंतरानं येत होत्या. तेवढाच वेळ, थोडी उसंत, पुन्हा तेवढाच वेळ.

वीज कडाडली किंवा कुणाची मोटर चालू झाली तर असं होत नाही. असं फक्त माणूस करतो. बोटानं. तीन सेकंद दाबायचं, थांबायचं, परत तीन सेकंद. मी सांगितलं होतं तसंच, मोजून.

मी ताट तसंच सोडलं आणि पडद्यासमोर बसले.

सुदैवानं रिसीव्हर मूळ आवाज दिवसभर साठवून ठेवतो. ही सोय मी केलेली नव्हती. शैलामॅडमचा तो हट्ट होता, जागा फुकट जाते म्हणून मी त्यावर त्यांच्याशी भांडले होते. तो साठवलेला आवाज मी काढला, माझं नेटवर्क बाजूला ठेवलं आणि जुनं वजाबाकीचं गणित लावलं. एका निरोपात नाव अर्धं आलं. दुसऱ्यात जागा आली. पाच-सहा निरोप एकावर एक ठेवले तेव्हा सगळं वाचता आलं. अल-बरकत. मदत हवी. जागा पूर्णगडाच्या बाजूला, किनाऱ्याच्या जवळ, आणि प्रत्येक निरोपात किनाऱ्याच्या आणखी जवळ. पहिला निरोप दोन तासांपूर्वीचा होता. त्या बाजूला खडक आहेत आणि वारा तिकडेच लोटत होता.

मी चपला न घालता खाली धावले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लगेच फोन फिरवायला घेतले, पण जेटीवर होड्याच नव्हत्या. कामाचा दिवस, सगळ्या बाहेर. इंजिन दुरुस्तीसाठी मागे राहिलेली एकच होडी होती. तिचे तांडेल इक्बालभाई हात पुसत वर आले, माझ्या हातातला जागेचा कागद बघितला आणि आत ओरडले, "झाकण लावा रे, जसा हाय तसा चालू करा!" चार माणसांना घेऊन ते निघाले. मी जेटीवर उभी राहिले. त्याहून उपयोगाचं काही मला करता येत नव्हतं.

पंख्यात जाळं अडकून चाचांचं इंजिन बंद पडलं होतं. त्या कड्यांखाली मोबाइलची रेंजही नव्हती. नांगर टाकला तर घसरत होता. इक्बालभाई पोचले तेव्हा खडकांवर फुटणारं पाणी अल-बरकतवर उडत होतं. जाळं कापून टाकावं लागलं. माणसं सगळी सुखरूप होती. दिवस मावळायच्या आधी होडी ओढून आणली.

चाचा जेटीवर चढले. मी समोर उभी होते. ते शिव्या देतील अशी माझी तयारी होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अंगठा पुढे केला. टोक लाल झालं होतं, नखाजवळ सोललं होतं.

"तीन सेकंद दाबला, गो," म्हणाले. "मोजून."

मी इतकी वर्षं पत्रकं वाचली, लिहिली. माणसाला मुळापासून हलवणारं इतकं लहान वाक्य मी अजून लिहिलेलं नाही.

तीन दिवस मी यंत्राची उलथापालथ केली. तारा तपासल्या, अँटेना तपासली, पेटी उघडली. सगळं ठीक. शुक्रवारी नमाज आटोपून चाचा आले. पांढरेशुभ्र कपडे, अत्तराचा वास, अंगठ्याला पट्टी. खुर्चीत बसले. मी बंदरातल्या एका पेटीवरून निरोप पाठवायला सांगितला, हिरवा. बाहेर गेलेल्या एका लहान होडीवरून सांगितला, हिरवा.

"बघा ना चाचा, आता सगळं चालतंय. काय बिघडलं तेच कळत नाही."

चाचा म्हणाले, "सुक्रवारी तुजी पेटी शानी असते, बाकी दिवस येडी. उद्घाटनाला कशी हुशार होती? आपण फिरलो तवा पण हुशार. सनवारपासून येडी."

"शुक्रवारी असं वेगळं काय असतं?"

त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं. खाली बंदर गच्च भरलं होतं. डोलकाठ्या, लोखंडी खांब, जाळी ओढायच्या विंचचे दोर, शेकडो. आमच्या अँटेनाच्या अगदी समोर.

"ह्यो बघ. उद्या या टायमाला बघ, एक होडी नसंल. तू आठ वेळा दरियावर आलीस, पण कामाचा दरिया तू बघितलासच नाय गो पोरी. सुट्टीचा बघितलास."

मी खिडकीतून त्या डोलकाठ्या मोजायला लागले.

आता वाचकांनाही कळलं असेल. माझं नेटवर्क भरलेल्या बंदरात शिकलं होतं. त्या शेकडो डोलकाठ्यांवर आपटून येणारे आवाज कसे वजा करायचे, हे त्यानं पाठ केलं होतं. शनिवारी बंदर रिकामं व्हायचं. आपटायला काही नसायचं, निरोप बराचसा स्वच्छ यायचा, आणि माझं हुशार यंत्र नसलेला आवाज त्यातून वजा करायचं. धडधाकट माणसाला औषध देऊन आजारी पाडावं तसं. आणि परीक्षा? तीही मी शुक्रवारचीच घेतली होती. पाठ असलेल्याला वाचायला सांगितलं आणि वाचता येतं म्हणून पेढे वाटले. शेजारच्या काकूंकडे प्रत नेलीच नाही.

शैलामॅडमना सांगायला गेले तेव्हा राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला, मागची कोरी बाजू वर केली आणि पेन पुढे सरकवलं. "यावर दिवस लिही. सोमवार ते रविवार. भरती, ओहोटी, बंदर भरलेलं, अर्धं, रिकामं, बॅटरी नवी, बॅटरी उतरलेली. कधी जातेस?"

"मॅडम, चूक माझी आहे."

"माझी पण आहे. मी 'हं' केलं होतं." मग म्हणाल्या, "राजीनामा सोपा असतो गं. उलटीवरच्या गोळ्या घेऊन ठेव."

सोमवारी सकाळी अल-बरकतवर चढताना एक खलाशी तोंड फिरवून पुटपुटला, "कामाच्या दिवशी बाईमानूस..." या वेळी मी गप्प बसणार नव्हते. तोंड उघडलंच होतं, पण चाचा आधी बोलले.

"तिच्या पेटीनं आपला जाळा गेला. आता तिला कामाचा दरिया बघू दे. तुला नको असंल तर तू उतर, ती ऱ्हाते."

तो उतरला नाही. मी मात्र तासाभरात होडीच्या कडेला ओणवी झाले. मागून तोच खलाशी म्हणाला, "ताई, माशांना नाश्टा घातलाव, आता जाळा भरतला बघा." जाळं खरंच भरलं. त्यानंतर माझ्या येण्याला कुणी हरकत घेतली नाही. उलट ज्या दिवशी मी नसे त्या दिवशी कमी मासे मिळाल्याचा ठपका माझ्यावर यायचा.

महिनाभर मी कामाचा समुद्र ऐकला. यंत्रात दोन गोष्टी बदलल्या. पहिली अशी की प्रत्येक निरोपाच्या आधी पेटी एक ओळखीची, ठरलेली ओळ पाठवते. रिसीव्हर त्या ओळीवरून बघतो की आज बंदर कसं आहे, समुद्र कसा आहे, आणि त्याप्रमाणे स्वतःला जरासं हलवून घेतो. काल शिकलेल्यावर आज विसंबून राहत नाही. दुसरी गोष्ट तंत्राची कमी आणि अप्पांची जास्त आहे. न समजलेला निरोप रिसीव्हर आता टाकून देत नाही. तो घंटा वाजवतो. कुणीतरी काहीतरी म्हणतंय आणि मला कळत नाही, असं तो सांगतो आणि माणूस येईपर्यंत वाजत राहतो. घंटा बरेचदा उगाच वाजते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा तक्रार केली. मी म्हटलं, वाजू दे. ऐकू न येणं हा ऐकणाऱ्याचा प्रश्न आहे, हे मान्य करणारं यंत्र मला जास्त आवडतं. अशी ऑफिसंही असती तर अप्पांचा अर्धा कागद वाचला असता.

मग राहिला फळ्यावरचा तो कागद. तो मी फाडला आणि नवा लिहिला. प्रत्येक होडीवर पेटीशेजारी चिकटवायला. त्यात शेवटची ओळ होती: "दिवा हिरवा झाला नाही, तर चूक आमची समजावी आणि आम्हाला सांगावे." कंपनीत यावर मोठी चर्चा झाली. असं कोण स्वतःहून लिहून देतं, उद्या कुणी हाच कागद पुढे केला तर काय, असं सगळं. मी म्हटलं, ही ओळ नसेल तर पेटी बसवू नका. मी जरा मोठ्यानेच म्हटलं असणार, कारण शेजारच्या खोलीतली माणसं येऊन उभी राहिली. मॅडमनी कागद घेतला, खाली सही केली आणि छापायला पाठवला.

ते छापील कागद मी अप्पांना दाखवायला गावी नेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. माझं कॉलेजचं कुठलंच पत्रक त्यांनी दोनदा वाचलं नव्हतं. म्हणाले, "शाई पक्की आहे का? समुद्रावर जायचंय." एवढंच.

शाई पक्की नव्हती. गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी अल-बरकतवर गेले, तर खाऱ्या पाण्यानं कागद फुगला होता आणि अक्षरं एकमेकांत मिसळली होती. मी पिशवीतून नवा कागद काढला.

"कशाला गो?" चाचा म्हणाले. "आमाला पाठ हाय."

"तुम्हाला पाठ आहे, चाचा. म्हणूनच तुम्हाला विचारत नाही."

या सीजनला त्यांच्याकडे टेकराज नावाचा नवा खलाशी आला आहे. नेपाळचा, दोन मुलींचा बाप, मराठी जेमतेम. मी नवा कागद चिकटवला आणि त्याला हाक मारली. "टेकराजदादा, हे जरा मोठ्यानं वाचा."

त्यानं ओले हात पँटला पुसले, कागदाजवळ तोंड नेलं आणि एकेका अक्षरावर पाय देत देत वाचलं, "दिवा... हिरवा... झाला नाही... तर..." तिथे तो अडला. चाचा सांगायला पुढे झाले, मी त्यांना हातानं थांबवलं. टेकराजनं ओळ परत धरली. "तर चूक... आमची." मग त्यानं माझ्याकडे वळून, बोट करून, विचारलं, "तुमची?"

"हो," मी म्हटलं. "आमची."

चाचांनी इंजिन चालू केलं. बंदर जवळजवळ रिकामं झालं होतं, अल-बरकत शेवटच्या काहींतली एक. मी जेटीवर उतरले आणि वर गच्चीतल्या रिसीव्हरकडे निघाले. बंदराच्या तोंडाबाहेर पडल्यावर चाचा रोज एकदा बटण दाबून बघतात.